गाठ डोक्यात, तक्रार भलतीकडे

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं. भिंग जागेवर बसलेलं असतं, समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, तरी रुग्णाचं एकच पालुपद सुरू असतं, "सायेब, बाजूनं येनारी गाडीच दिसत नाही मले." मग चष्म्याचा नंबर पुन्हा काढला जातो, थेंब बदलून दिले जातात, घरचे म्हणतात वय झालं आता. दोष मात्र डोळ्यात नसतोच. तो असतो नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी असलेल्या हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढ्या आणि जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या एका ग्रंथीत. शाळेच्या पुस्तकातली ही पीयूषिका. दवाखान्यात तिला सगळे पिट्युटरीच म्हणतात.

या ग्रंथीत वाढणाऱ्या गाठी घेऊन कोणी थेट मेंदूच्या डॉक्टरकडे जात नाही. बाई पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, बाप्या मनगटं भरून येतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे. कोणी हटत नसलेली सर्दी घेऊन कान-नाक-घशाच्या दवाखान्यात बसतो, कोणाला घरचे उदास राहतो म्हणून मानसोपचाराला आणतात, आणि काही जण कुठल्याच डॉक्टरकडे न जाता सराफ्यात अंगठी कापून घ्यायला जातात. वैद्यकाच्या ग्रंथांत यातल्या बऱ्याच गोष्टी 'अपवादात्मक लक्षणं' या मथळ्याखाली शेवटी कुठेतरी छापलेल्या असतात. अमरावती-अकोल्याकडे संप्रेरकांचे तज्ज्ञ मोजके आणि तेही शहरातच. धारणी, मूर्तिजापूर किंवा दर्यापूरच्या माणसाची पहिली गाठ पडते ती फॅमिली डॉक्टरशी, नाहीतर चष्मेवाल्याशी. ग्रंथातला अपवाद त्यांच्यासमोर रोजच्या तक्रारीचं सोंग घेऊन येतो.

हे आजार दुर्मीळ आहेत, हा समज आधी तपासला पाहिजे. बेल्जियममधल्या लिएज परिसरात डॉक्टरांनी सुमारे ७२ हजार लोकवस्तीत असे रुग्ण एकेक करून मोजले आणि २००६ साली निष्कर्ष छापला: दर १०६४ माणसांमागे एकाला त्रास देणारी पिट्युटरीची गाठ. तोवरच्या अंदाजापेक्षा हा आकडा तिपटीहून मोठा होता. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार, अकोल्याची १८ लाख १४ हजार. बेल्जियमचंच प्रमाण धरलं तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार हजारांवर माणसं निघतात. हा कागदावरचा हिशेब आहे, वऱ्हाडात कोणी केलेली मोजणी नव्हे. पण तो निम्म्याने चुकला असं मानलं तरी ही माणसं कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या बाकावर बसून गेलेली असणार.

लक्षणं इतकी विखुरलेली का, याचं उत्तर ग्रंथीच्या जागेत आहे. तिच्या डोक्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. डाव्या-उजव्या बाजूला रक्ताने भरलेल्या दोन पोकळ्या. त्यांतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आणि डोळा हलवणाऱ्या, चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या नसा जातात. खाली हाडाचा पातळ पडदा आणि लगेच नाकामागची पोकळी. वर मेंदू. एवढ्याशा जागेत गाठ ज्या दिशेने सरकेल त्या शेजाऱ्याची तक्रार सुरू होते. त्यात ही ग्रंथी थायरॉइड, अॅड्रिनल, बीजकोश, वृषण, उंची, दूध या सगळ्यांवर हुकूम चालवणारी. गाठ एखादं संप्रेरक जास्त सोडते, किंवा निरोगी भाग दाबून सगळीच कमी करते. १० मिलिमीटरच्या आतली गाठ लहान, त्यावरची मोठी आणि ४ सेंटिमीटरच्या पुढची महाकाय, अशी वैद्यकातली वर्गवारी आहे.

डोळ्याचं प्रकरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण नजर गेली की बरेचदा परत येत नाही. गाठ खालून वर चढताना आधी ओलांडणाऱ्या तंतूंना दाबते. हे तंतू दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या दृश्याचे. परिणामी समोरचं स्वच्छ दिसतं आणि दोन्ही कडा हळूहळू पुसल्या जातात. तक्ता फक्त मधली नजर मोजतो, त्यामुळे तक्त्यावर रुग्ण पास होतो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटत घरी जातो. दुचाकी चालवताना बाजूने आलेली म्हैस दिसत नाही, ताटाच्या कडेची चटणी राहून जाते. काही जणांत डोळ्याच्या आतली नस फिकी आणि खोलगट दिसते, दाब मात्र नॉर्मल असतो. अशांना 'नॉर्मल दाबाचा काचबिंदू' ठरवून वर्षानुवर्षं थेंब दिले गेल्याची उदाहरणं जगभरच्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत आहेत.

यावरची पहिली तपासणी फुकट आहे. रुग्णाच्या समोर हातभर अंतरावर बसायचं. त्याला एक डोळा तळहाताने झाकायला सांगायचं आणि दुसऱ्याने आपल्या नाकाकडेच बघायला लावायचं. मग आपलं बोट कडेकडून हलवत आत आणायचं आणि दिसलं की बोल म्हणायचं. ज्याच्या बाहेरच्या बाजूने बोट अर्ध्यात येईपर्यंत दिसत नाही, त्याला मोठ्या यंत्रावर नजरेचा नकाशा काढायला पाठवायचं. आणखी बारकावा हवा तर खिशातल्या पेनचं लाल टोपण घ्यावं. गाठीचा दाब नुकता सुरू झालेला असताना रुग्णाला टोपण दिसतं, पण बाहेरच्या अर्ध्यात त्याचा लाल रंग विटलेला वाटतो. दोन मिनिटांचं काम. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटं नसतात हेही खरं. पण ऑपरेशन चांगलं होऊनही ज्याची तक्रार जात नाही, निदान त्याच्यासाठी ती काढायला हवीत.

गाठ नेहमी हळूच येते असंही नाही. कधी तिच्यात अचानक रक्तस्राव होतो किंवा तिचाच रक्तपुरवठा तुटतो. वैद्यकात याला पिट्युटरी अॅपोप्लेक्सी म्हणतात. न्यू यॉर्कच्या पिअर्स बेली यांनी १८९८ साली असा रुग्ण नोंदवला होता. डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, एक पापणी खाली येते, बुबुळ बाहेरच्या कोपऱ्यात सरकतं, काही तासांत नजर जाते. रक्त मेंदूच्या आवरणाला डिवचतं म्हणून मान ताठते, ताप येतो, आणि चित्र हुबेहूब मेनिंजायटिसचं होतं. बहुतेकांना आपल्याला गाठ आहे हेच तोवर ठाऊक नसतं. सीटी स्कॅन घाईत बघितला तर गाठ निसटते. एमआरआयवर ती स्पष्ट दिसते.

वऱ्हाडातल्या डॉक्टरांनी यातलं एक निमित्त खास ध्यानात ठेवावं. पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ येते, प्लेटलेट घसरतात, आणि आधीपासून असलेल्या गाठीत रक्त उतरू शकतं. डेंग्यूच्या तापात अॅपोप्लेक्सी झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातून आणि ब्राझीलमधून प्रसिद्ध झालेल्या आहेत. डेंग्यूत डोकं आणि डोळ्यांमागे दुखतंच, त्यामुळे तक्रारीवरून काही उलगडत नाही. उलगडतं ते पडलेल्या पापणीवरून. रक्त पातळ करणारी औषधं, हृदयाचं ऑपरेशन, गरोदरपण ही आणखी काही निमित्तं. अशा वेळी मेंदूच्या शल्यविशारदापर्यंत पोचायच्या आधी एक गोष्ट जीव वाचवते: हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. ग्रंथी बंद पडली की अॅड्रिनलला हुकूम मिळत नाही, रक्तदाब कोसळतो आणि नुसत्या सलाइनला दाद देत नाही. हे इंजेक्शन महागडं नाही आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकतं.

संप्रेरक सोडणाऱ्या गाठींत सगळ्यात जास्त आढळते ती दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनची. पाळी लांबते मग थांबते, अंगावर पाजणारं मूल नसताना स्तनातून दूध येतं, दिवस राहत नाहीत. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. एकीकडे प्रोलॅक्टिन न तपासताच मूल होण्याच्या महागड्या उपचारांचे फेरे सुरू होतात. दुसरीकडे प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं दिसलं की थेट डोक्याचा एमआरआय सांगितला जातो, आणि बाईच्या पिशवीत अॅसिडिटीची गोळी पडलेली असते ती कोणी बघत नाही. या गोळ्यांत बरेचदा डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन तर आणखीच. म्हणून पिशवी उलटी करून गोळ्या बघणं ही एमआरआयच्या आधीची तपासणी आहे.

पुरुषांचं वेगळं. त्यांना पाळीसारखा इशारा नाही. इच्छा कमी होणं, दाढी विरळ होणं, थकवा या गोष्टी बाप्या माणूस डॉक्टरला सांगत नाही, सांगितल्याच तर एखाद्या वैदूच्या तंबूत सांगतो. त्यामुळे पुरुषांत प्रोलॅक्टिनची गाठ सापडते तेव्हा बहुधा मोठी झालेली असते, आणि तीही डोळ्यामुळे नाहीतर डोकेदुखीमुळे सापडते.

प्रयोगशाळेतला एक चकवा इथे सांगितलाच पाहिजे. रक्तातलं प्रोलॅक्टिन मोजताना दोन प्रतिपिंडं वापरतात. एक संप्रेरकाला धरून ठेवतं, दुसरं त्यावर बसून इशारा देतं. गाठ महाकाय असेल आणि प्रोलॅक्टिन हजारोंच्या घरात असेल तर दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंनी आधीच भरून जातात, जोडी जमतच नाही, आणि यंत्र शंभर-दोनशे असा किरकोळ आकडा छापतं. मग डॉक्टर म्हणतात, एवढ्या मोठ्या गाठीला एवढंसं प्रोलॅक्टिन, म्हणजे ही वेगळ्या जातीची गाठ, काढून टाकू. तोच नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा लावला की खरा आकडा बाहेर येतो. फरक साधा नाही. प्रोलॅक्टिनची गाठ आठवड्यातून दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने आक्रसते, कित्येकदा ऑपरेशनशिवाय. मोठी गाठ आणि लहान आकडा असं विजोड दिसलं तर प्रयोगशाळेला फोन करून नमुना पातळ करून लावायला सांगणं, एवढ्याने एखाद्याची कवटी वाचते.

या गोळीचीही एक विचित्र बाजू आहे. ती मेंदूतल्या डोपामिनच्या वाटेने काम करते, आणि थोड्या रुग्णांत जुगाराचा, खरेदीचा किंवा लैंगिक अतिरेकाचा नाद लावते. मटक्याच्या चिठ्ठ्या अचानक वाढल्या तर त्याचा संबंध डोक्यातल्या गाठीच्या औषधाशी असेल असं घरात कोणाच्या मनात येणार? म्हणून औषध सुरू करतानाच घरच्यांना सांगून ठेवावं लागतं.

गाठीसारखी दिसणारी पण गाठ नसलेलीही एक जात आहे, आणि तिची ओळख लहान मुलांच्या बाबतीत फार मोलाची. थायरॉइड बरीच वर्षं कमी पडत असेल तर तिला हाकारून हाकारून पिट्युटरी स्वतःच फुगते. एमआरआयवर ती मोठ्या गाठीसारखीच दिसते. उंची खुंटलेली, सुस्त, बद्धकोष्ठ असलेली मुलगी आणि डोक्यात 'गाठ': घर हादरून जातं. थायरॉक्सिनची साधी गोळी सुरू केली की काही महिन्यांत ती सूज उतरते. एमआरआयचा कागद हातात पडल्यावर आधी टीएसएच, म्हणजे पिट्युटरीने थायरॉइडला दिलेला हुकूम, बघायचा, मग ऑपरेशनचं बोलायचं. उलट प्रकारही आहे: थायरॉइड जास्त आणि टीएसएच मात्र कमी व्हायच्या ऐवजी नॉर्मल किंवा वाढलेला, तर दोष गळ्यात नसून वर असू शकतो. हे फारच क्वचित.

वाढीच्या संप्रेरकाची गाठ सगळ्यांना ऐकून माहीत असते, ती 'राक्षसी उंची'मुळे. हाडांची टोकं जुळायच्या आधी गाठ झाली तर उंची वाढत राहते. कुस्तीपटू द ग्रेट खली याच्यावर २०१२ साली अमेरिकेत पिट्सबर्गला याच गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांनाही हे नाव कळलं. त्याहून जुना दाखला आयर्लंडच्या चार्ल्स बर्नचा. लंडनमध्ये लोकांनी तिकीट काढून बघितलेला हा माणूस १७८३ साली बाविसाव्या वर्षी मेला. १९०९ साली मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी लंडनला त्याची कवटी उघडून बघितली आणि पिट्युटरीची खोबण रुंदावलेली निघाली. २०११ साली त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये जो जनुकदोष सापडला, तोच आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांतही आढळला.

पण मोठेपणी झालेली हीच गाठ कोणाला उंच करत नाही. ती हात, पाय, जबडा, नाक, जीभ रुंद करते, आणि इतक्या संथ गतीने की आरशाला कळत नाही. निदान व्हायला पाच ते दहा वर्षं सहज जातात. बाईची जोडवी रुतायला लागतात, दोन-चारच्या बांगड्या घालणाऱ्या हाताला दोन-आठच्या लागतात. चपलेचं माप दर दोन-तीन वर्षांनी पुढे सरकतं. खालच्या दातांत फटी पडतात. घोरणं वाढतं, थंडीतही घाम येतो, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. मधुमेह आणि रक्तदाब येतात, पण ते तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यामागे कोण बघतो! इथे नव्याने भेटणारा डॉक्टर घरच्या डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी, कारण त्याला बदललेला चेहरा एकदम दिसतो. लग्नाचा अल्बम मागवून आजचा चेहरा त्याशेजारी धरला की शंका पक्की व्हायला वेळ लागत नाही. पुढे रक्तातलं आयजीएफ-१ आणि ग्लुकोज पाजून मोजलेलं वाढीचं संप्रेरक यांवर शिक्कामोर्तब होतं.

अॅड्रिनलला जास्त कॉर्टिसोल सोडायला लावणाऱ्या गाठीची कथा वऱ्हाडात, खरं तर सगळ्या ग्रामीण भारतात, एका पुडीपाशी येऊन अडते. कुशिंग यांच्या १९१२ च्या पुस्तकात मिनी जी. या तेवीस वर्षांच्या तरुणीची नोंद आहे: गोल चेहरा, मोठं पोट, बारीक हातपाय, पोटावर जांभळे चट्टे, थांबलेली पाळी. १९३२ साली त्यांनी या रूपाचा धागा पिट्युटरीतल्या बारीक गाठींशी जोडला. आज आपल्याकडे हेच रूप दिसलं तर पहिला संशय गाठीवर नव्हे, बाहेरून पोटात गेलेल्या स्टेरॉइडवर घ्यावा लागतो: गुडघेदुखीची बिनलेबलाची पुडी, दम्यावरचं 'जडीबुटी'चं चूर्ण, मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या बारीक गोळ्या, गोरं होण्याचं मलम. ओळखायची खूण सोपी आहे. अंगावर कॉर्टिसोल जास्त असल्याच्या सगळ्या खुणा, आणि रक्तात सकाळचं कॉर्टिसोल जवळपास शून्य, तर पुडी शोधा. ती एकदम बंद केली तर माणूस कोसळतो, म्हणून हळूहळू उतरवावी लागते.

पुडी नाही आणि कॉर्टिसोल खरंच जास्त, तर मात्र गाठीचा शोध सुरू होतो, आणि तो या सगळ्यात कठीण. गाठ तीन-चार मिलिमीटरची, कधी एमआरआयवर न दिसणारी, कधी महिनाभर जागी आणि महिनाभर झोपलेली. रुग्ण येतो तोही भलत्याच दारातून: खुर्चीतून उठता येत नाही म्हणून, चाळिशीच्या आत मणका पिचला म्हणून, नाहीतर भास होतात, रडू येतं, झोप नाही म्हणून. त्यांच्यातल्या काहींना मानसिक आजारावरच्या गोळ्या आधीच सुरू असतात. मानसोपचारतज्ज्ञाने पोटावरचे जांभळे चट्टे बघितले तर निदान होतं. ओपीडीत तेवढं बघायची पद्धत नाही, ही अडचण.

पाण्यासारखी सर्दी हा आणखी एक प्रकार. गाठीने खालचं हाड पोखरलं की मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरतं. निंदायला खाली वाकलं की एकाच नाकपुडीतून टपटप गळतं, घशात खारट लागतं, शिंका मात्र नाहीत. धोका हा की ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात. पुन्हा पुन्हा मेनिंजायटिस होणाऱ्या माणसाच्या नाकाची चौकशी म्हणूनच करावी. गंमत अशी की कॅबरगोलिनने गाठ झपाट्याने आक्रसली तर बूच निघाल्यामुळेही ही गळती सुरू होऊ शकते.

उन्हाळ्यातला चकवा वेगळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पलीकडे जातो, आणि म्हातारी माणसं गळून, बरळत दवाखान्यात येतात. रक्तातलं सोडियम कमी निघतं, सलाइन लागतं, दोन दिवसांनी घरी. बहुतेकांत कारण ऊन, नाहीतर रक्तदाबाची गोळी. पण तोच माणूस दर काही महिन्यांनी, हिवाळ्यातही, सोडियम घसरून येत असेल, अंगावरचे केस झडलेले आणि त्वचा पांढुरकी झालेली असेल, तर सकाळी आठचं कॉर्टिसोल एकदा मोजावं. न बोलणारी, काहीच जास्त न सोडणारी मोठी गाठ अशीच उघडकीला येते.

याच्याच शेजारी गाठ नसलेले पण तशाच अशक्तपणाने येणारे दोन आजार बसतात, आणि वऱ्हाडात त्यांना वगळून हा आढावा पुरा होत नाही. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं की गरोदरपणी फुगलेली पिट्युटरी रक्ताविना मरते. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली हे वर्णन केलं. काश्मीर खोऱ्यातल्या पाहणीत मुलं झालेल्या बायकांत सुमारे ३ टक्के प्रमाण निघालं होतं. मेळघाटात घरी बाळंत झालेल्या पिढीतली बाई 'त्या बाळंतपणापासून दूधच आलं नाही, पाळीही नाही' असं सांगते तेव्हा तिच्या वीस वर्षांच्या थकव्याचं निदान त्या एका वाक्यात असतं. दुसरा आजार घोणस चावल्यानंतरचा. शेतमजुराची किडनी डायलिसिसवर सावरते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण विषाने पिट्युटरीत केलेली इजा महिन्यांनी, कधी वर्षांनी बोलते. म्यानमारमधल्या अशा रुग्णांवरचा लेख १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दक्षिण भारतातूनही तशा नोंदी आहेत. कपाशी-सोयाबीनच्या या मुलखात सर्पदंशाच्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या संप्रेरक तपासणीची एक ओळ घालायला काहीच हरकत नसावी.

क्षयरोगालाही इथे जागा आहे. एमआरआयवर गाठ म्हणून दिसलेली आणि कापल्यावर क्षयाची निघालेली पिट्युटरी भारतीय डॉक्टरांना नवी नाही. दिल्लीच्या एम्सने २००० साली अशा १८ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली होती. फार तहान आणि फार लघवी हे लक्षण असेल तर साध्या गाठीपेक्षा क्षय, सूज किंवा दुसरीकडच्या कॅन्सरची पेर यांचा संशय जास्त घ्यावा, कारण साधी गाठ ऑपरेशनच्या आधी असं सहसा करत नाही.

आता नाण्याची उलटी बाजू. एमआरआय मशिनं आता जिल्ह्याच्या गावी आली आहेत, आणि मशिन आलं की न शोधलेल्या गोष्टीही सापडतात. शवविच्छेदनं आणि स्कॅन यांच्या २००४ सालच्या एका एकत्रित अभ्यासात सहापैकी एका माणसात पिट्युटरीची बारीकसारीक गाठ आढळली होती. मायग्रेनसाठी काढलेल्या एमआरआयवर '४ मिलिमीटरची गाठ' असा शेरा आला की माणूस हादरतो, मृत्युपत्राच्या गोष्टी करतो. अशांपैकी फार मोठा भाग आयुष्यभर निरुपद्रवी राहतो. काही संप्रेरकं एकदा तपासायची, वर्षभराने पुन्हा चित्र काढायचं, बस. खरा कॅन्सर या जागी शेकड्यातही एक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणाने या गाठींना दिलेलं नवं लांबलचक नाव रिपोर्टवर वाचून घाबरायचंही कारण नाही; गाठ तीच आहे.

ज्यांना ऑपरेशन लागतं त्यांचं ते आता बहुतेकदा नाकातून होतं. १९०७ साली इन्सब्रुकच्या हर्मान श्लॉफर यांनी नाक बाजूला उलटवून ही वाट पहिल्यांदा वापरली. आज ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, मागच्या पोकळीची भिंत उघडली जाते, हाडाचा पापुद्रा काढला की आवरणाला छेद देऊन मऊ गाठ खरवडून, ओढून घेतात. पिवळसर, चिवट दिसणारी निरोगी ग्रंथी जपायची. शेवटी मांडीतली चरबी आणि नाकातल्या त्वचेची पट्टी लावून वाट बंद. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी महाकाय गाठींच्या ११८ रुग्णांचा अनुभव २००४ साली प्रसिद्ध केला. एका रुग्णालयात ४ सेंटिमीटरवरचे ११८ रुग्ण यावेत, यातच आपल्याकडे माणूस किती उशिरा पोचतो ते दिसतं.

वऱ्हाडापुरती वाट पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. अमरावतीत इर्विन, डफरीन आणि पीडीएमसी ही रुग्णालयं, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, अकोल्यात २००२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, २०२४ पासून अमरावतीचंही शासकीय महाविद्यालय, पुढे सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरचं एम्स. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात अमरावती होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मात्र ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. या आजारांत खर्चाचा मोठा भाग दाखल न होता होतो: वर्षानुवर्षांची कॅबरगोलिन, रोजची हायड्रोकॉर्टिसोन, दर काही महिन्यांच्या संप्रेरक तपासण्या. सुरीला पैसे मिळतात, गोळीला मिळत नाहीत, आणि ऑपरेशन करून सुखरूप परतलेला माणूस गोळी परवडत नाही म्हणून ती सोडून पुन्हा कोसळतो.

ऑपरेशननंतरही सोंगं संपत नाहीत. रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी सुटी घेऊन मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने अकोल्याला किंवा बडनेऱ्याला उतरतो, आणि सातव्या दिवसाच्या आसपास मळमळ, डोकेदुखी, ग्लानी सुरू होते. गावच्या डॉक्टरला प्रवासाची दगदग वाटते, नाहीतर पोट बिघडल्यासारखं दिसतं. तो भरपूर पाणी प्यायला सांगतो. प्रत्यक्षात दुखावलेल्या ग्रंथीतून पाणी धरून ठेवणारं संप्रेरक एकदम सुटलेलं असतं आणि सोडियम घसरत असतं. अशा वेळी पाणी वाढवायचं नसतं, मोजून कमी करायचं असतं. अनेक केंद्रं आता सुटी देतानाच कार्डावर सातव्या दिवसाची सोडियमची तपासणी लिहून देतात. ती अकोल्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजीत होते आणि रिपोर्ट त्याच दिवशी मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो.